चाचांच्या कोंबड्या म्हाताऱ्या होत नसत

"आधी पाय बघू," असं म्हणून ते खाली बसायचे. समोर बैल असो, कुणाच्या कडेवरचं रडणारं लेकरू असो, की कुणी काखेत दाबून आणलेली कोंबडी असो, नालबंदचाचा तोंडाकडे नंतर बघत. उकिडवे बसायचे, डोळे बारीक करायचे आणि समोरच्याचा पाय तळहातावर घ्यायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्याशी गेलो तेव्हा त्यांनी माझ्या वहाणांच्या झिजलेल्या टाचा पाहिल्या आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा डावा गुडघा दुखून राह्यला." दुखत होताच.

कुरुंद्यापासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात माझी मास्तर म्हणून नेमणूक झाली होती. निजामाचं राज्य होतं. शाळा म्हणजे एक लांबोडी खोली आणि तिच्यात मी एकटा. समोर लिंबाखाली मोकळी जागा होती. तिथे चाचा बैलांना नाल ठोकत. त्या जागेला लागून त्यांचं घर, आणि त्यांच्या घराला लागून आम्हा नवराबायकोची खोली. शाळा सुटली की मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. पुढे दहाएक वर्षं तो माझा नेमच झाला.

चार माणसांना न आवरणारा बैल चाचा एका दोरात आडवा करत. पाय बांधत, खुराच्या दोन्ही भागांना पातळ लोखंडी पत्री लावत आणि खिळे ठोकताना बैलाशी बोलत राहत. "झालं बाबा, झालं. नवे जोडे मिळून राह्यले तुला, रडतो काहून?" बैल खरोखरच निपचित पडून ऐकायचा.

असा दांडगा हात. पण कोंबडी कापायची म्हटली की हा माणूस घरातून उठून जायचा. शेजारपाजारचे कोंबडी घेऊन आले तर चाचा मान हलवत. "मशिदीत जा, मुल्लाजी करतील. मला जमत न्हाई." त्यांच्या स्वतःच्या दारात तीन कोंबड्या होत्या. पिवळसर हळदी, काळी कोयल आणि ठिपक्यांची कबरी. त्या रोज शाळेच्या पायरीपर्यंत चरत यायच्या आणि पाढे म्हणणारी पोरं तिकडेच बघत बसायची.

आमची त्यांची खरी ओळख कोंबडीवरूनच झाली. बायकोनं माहेराहून एक कोंबडी आणली होती. तिकडे ती नेमानं अंडी घालायची. इथं आल्यावर बंद. बायको ती घेऊन चाचांकडे गेली. त्यांनी पाय पाहिले, तुरा पाहिला, पोटाखाली बोटं लावली. मग म्हणाले, "हिला काही झालं न्हाई. गाव नवं आहे, घाबरली. आठ दिवस एकाच जाग्यावर डालग्याखाली झाकून ठेवा, दाणापाणी तिथंच द्या. जागा ओळखीची झाली का देईल." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुमाला तरी कुठं करमून राह्यलं अजून?"

बायको घरी आली ती हसत आणि डोळे पुसत. दहाव्या दिवशी कोंबडीनं अंडं दिलं.

अंडी बंद झाली की गावातल्या बायांचा पहिला संशय माणसांवर जायचा. कुणाची तरी नजर लागली, कुणीतरी चोरली, कुणीतरी काहीतरी टाकलं. चाचा ते ऐकून घेत आणि म्हणत, "कोंबडी उगाच बंद न्हाई होत. मानसाचं नाव घ्यायच्या आधी तिला बघा." दसऱ्याच्या सुमाराला पाटलीणबाई अर्धवट उघडी पडलेली कोंबडी घेऊन आल्या. चाचा म्हणाले, "पिसं गाळून राह्यली. नवे कपडे शिवू का अंडी देऊ, आसं झालंय तिचं. थोडा दम धरा." एका म्हातारीच्या कोंबडीच्या पंखाखाली त्यांना उवा सापडल्या. त्यांनी चुलीची राख खड्ड्यात ओतून तिला लोळायला सोडलं. भर उन्हाळ्यात कुणी आलं तर सांगत, "सावली द्या, गार पाणी द्या. तुमाला तरी या दिवसात जेवन जातं का?"

एकदा दोन शेजारी अंड्यांच्या चोरीवरून महिनाभर भांडत होते. चाचांनी काम बाजूला ठेवलं आणि सकाळपासून कोंबडीवर नजर ठेवून बसले. ऊन वर आल्यावर ती इकडेतिकडे बघत कडब्याच्या गंजीत शिरली. आत हात घातला तर अकरा अंडी. "चोर घरचाच निघाला," एवढंच म्हणून चाचा आपल्या बैलाकडे परतले.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी पटली नाही. कोंबडी म्हातारी झाली म्हणजे अंडी बंद होतात, असं कुणी म्हटलं की ते चिडत. "उमरीचं काही न्हाई. तुमी तिच्यासमोर तिच्या बहिणी कापता. त्या धास्तीनं ती बंद होते. माझी हळदी बघा. पोराची सुंता झाली त्या साली आणली. बारा वरसं झाली. आजून देऊन राह्यली." लोक माना डोलवत. हळदी खरंच अंडी देत होती. आम्ही डोळ्यांनी पाहत होतो.

त्यामागचं गुपित मला कळलं ते हट्ट्याच्या वाटेवर. तपासणीच्या साहेबांचा मुक्काम तिथं होता, त्यांना कागद द्यायचे होते. गावातली एक गाडी बाजाराला निघाली, तिच्यात मी बसलो. गाडीत चाची होत्या, नालबंदचाचांची बायको. लहान चणीच्या, कमी बोलणाऱ्या. बहिणीकडे चालल्या होत्या. मांडीवर फडकं बांधलेली टोपली. निम्मी वाट सरली आणि टोपलीतून कोंबडी बोलली.

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मग फडकं सोडलं. आत हळदी होती.

"आता ऐकलंच तुमी, तर बघून घ्या," त्या म्हणाल्या. "म्हातारी झाली. बाजारात देते, वरून थोड्या मिरच्या देते, आन् याच रंगाची तरणी तलंग घेऊन येते."

"चाचांना माहीत आहे?"

"त्यांना ठावं असतं तर काय पायजे व्हतं. पयल्यांदा म्हनलं, म्हातारी झाली, इकून टाकू. दोन दिवस जेवले न्हाईत. मास्तर, घरातलं तेलमीठ त्या अंड्यांवर येतं. मग गुपचूप बदलून आनली. वाटलं, ओळखतील, बोलतील, मिटून जाईल. त्यांनी ओळखलंच न्हाई. उलट साऱ्या गावाला सांगत सुटले, का माझी हळदी म्हातारी होत न्हाई. आता मी काय करू सांगा. करावंच लागतं."

"कितवी ही?"

"ही तिसरी. आज चौथी येईल." आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. नवी कोंबडी आणली की आठ दिवस तिला डालग्याखाली झाकायच्या आणि उबवायला खुडूक बसलीय, उठवू नका, म्हणून सांगायच्या. ती बाहेर येईपर्यंत घराला सरावलेली असायची. कोयल आणि कबरीचंही तसंच.

हट्टा जवळ आल्यावर त्या गंभीर झाल्या. "मास्तर, त्यांना सांगू नका. तुमी लिहिते-वाचते मानूस. तुमच्या पोटात राहील."

मी शब्द दिला. घरी येऊन बायकोला तेवढं सांगितलं. नंतर कितीतरी वेळा चाचा हळदीची थोरवी सांगायचे, आतून चाची माझ्याकडे बघायच्या आणि मी हसू दाबायचो. तो माझा आणि चाचींचा मोठा आनंद होता. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

चाची गेल्या थंडीतापानं. चार दिवसांचं दुखणं. चाचांनी आठवडाभर हत्यारांची पेटी उघडली नाही. वर्षभरानं त्यांनी पोराचं लग्न केलं. सून सेनगावकडची. उंच, शांत, कामाला चलाख. पहिल्याच दिवशी तिनं खुराडं झाडून घेतलं. कोंबड्या तिच्या मागं मागं हिंडू लागल्या. चाचा खूश होते.

चाचींनी शेवटी आणलेल्या कोंबड्या आणखी काही काळ चालल्या. मग आधी कबरी बंद झाली, मागून कोयल, आणि एका हिवाळ्यात हळदीही. दिवस मोठे झाले तरी एकीनंही अंडं दिलं नाही. चाचा पाय पाहत ते माणसांचे आणि दुसऱ्यांच्या जनावरांचे. आपल्या कोंबड्यांकडे ते नुसते बघत बसायचे. राख झाली, शिंपल्यांचा चुरा झाला, खुराड्याचं तोंड बदलून झालं. रोज मी ओट्यावर बसलो की ते विचारायचे, "काहून बंद झाल्या आसतील, मास्तर?"

आणि मी म्हणायचो, "होईल सुरू, चाचा."

पुढे त्यांच्या तोंडी दुसरंच वाक्य आलं. "घरवालीचा हात व्हता तवर सगळं बराबर व्हतं. आता हात बदलला." ते सुनेला टाकून बोलायचं म्हणून बोलत नसत. बायकोच्या आठवणीनं बोलत. पण ओट्यावर येणारीजाणारी माणसं ऐकत होती. बायांनी ते उचललं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पाणवठ्यावर दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या जाऊ लागल्या. ही आली आणि घरातल्या कोंबड्यासुद्धा आटल्या, असं. ते फिरून चाचांच्या कानावर आलं, आणि ज्या माणसानं जन्मभर इतरांना सांगितलं की माणसाचं नाव घेऊ नका, तो हळूहळू तेच धरून बसला.

एका दुपारी सून आमच्याकडे आली. मी आत पोरांच्या पाट्या तपासत होतो. तिनं माझ्या बायकोला विचारलं, "काकी, आमच्या अम्मा दाण्यात काय मिसळत व्हत्या? मी ज्वारी देते, ताक देते, अळ्या येचून देते. काही चुकतंय का माझं? अब्बा माझ्या हातचं पानी पन आता नीट पीत न्हाईत."

बायकोनं दारातून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि एका पोराच्या पाटीवरची बेरीज पुन्हा तपासू लागलो. ती बरोबर होती. मी ती तीनदा तपासली. तोवर सून उठून गेली होती.

त्यानंतर महिन्याभरात तिचा भाऊ आला आणि चार दिवसांसाठी म्हणून तिला सेनगावला घेऊन गेला. चार दिवसांचे चार महिने झाले. कुणी आणायला गेलं नाही. पोरगा बापासमोर बोलणारा नव्हता. मग कानावर आलं की पोरासाठी दुसरी मुलगी बघताहेत.

त्या दिवशी बायकोनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि तिथंच बसली. "तुम्ही मेलेल्या बाईला दिलेला शब्द पाळताय, आणि जितीचं घर मोडतंय."

"शब्द शब्द असतो," मी म्हणालो.

"शब्दाचं नाही हो. तुम्हाला चाचा तुमच्यावर रागावतील याची भीती आहे."

तिचं खरं होतं. मी ताटावरून उठलो.

चाचा लिंबाखाली खिळे सरळ करत बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "चाचा, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात. म्हणून अंडी बंद आहेत. सुनेचा काही दोष नाही."

"उमरीचं काही न्हाई, मास्तर. माझी हळदी—"

"तुमची हळदी केव्हाच गेली. ही चौथी आहे."

आणि मी सगळं सांगितलं. हट्ट्याची गाडी, टोपली, मिरच्या, डालगं. सांगून झाल्यावर त्यांनी हळदीला जवळ बोलावलं. ती आली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि तिचा पाय तळहातावर धरला. जाड, खरबरीत झालेले खवले होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"साऱ्या गावाचे पाय बघितले," ते म्हणाले. "घरच्याचे कवा बघितलेच न्हाईत."

मग त्यांनी विचारलं, "पयल्या तिघी बाजारात दिल्या?"

"हो."

"मंग कापल्या आसतील."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं आणि तसंच राहिलं, डोळे भरून आले तरी. "दर खेपेला मला म्हनायची, खुडूक बसली, उठवू नका. आन् मी पाय न वाजवता चालायचा घरात." त्यांनी हळदीला खाली सोडलं. "तुमाला कवापासून ठावं?"

मी सांगितलं.

"म्हंजे पोरगी घरात आली तवा ठावं व्हतं."

"होतं."

"ती गेली तवा पन."

"हो. चाचींना शब्द दिला होता, चाचा."

"व्हय. शब्द दिला व्हता तुमी." त्यांनी खिळे गोळा करून पेटीत टाकले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "रोज इचारत व्हतो मी तुमाला." आणि पेटी बंद करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते सेनगावला निघाले. पाचव्या दिवशी सुनेला घेऊन आले. तिथं काय झालं ते मागून पोराकडून कळलं. व्याह्यांनी बाजेवर बसा म्हटलं तर चाचा बसले नाहीत. अंगणात खाली बसले आणि चार माणसांसमोर सुनेला म्हणाले, "कोंबड्या म्हाताऱ्या व्हत्या आन् मी तुला नाव ठेवलं. माझं चुकलं." ती आत गेली, तिनं आपलं बोचकं आणलं. पुढच्या वर्षी त्यांच्या घरात मुलगी झाली.

म्हणजे घर वाचलं. पण सून आमच्या दारात पुन्हा कधी आली नाही. एकदा पाणवठ्यावर तिनं माझ्या बायकोला विचारलं, "मी इचारायला आले व्हते तवा मास्तरांना ठावं व्हतं ना?" बायको खोटं बोलली नाही.

चाचांनी कोंबड्यांविषयी सल्ला देणं बंद केलं. कुणी काखेत कोंबडी घेऊन आलं तर म्हणत, "मला काय कळतं त्यातलं. जिला कळत व्हतं ती गेली." बाया दोन-तीनदा आल्या, मग यायच्या थांबल्या. त्या तिन्ही कोंबड्या त्यांनी विकल्या नाहीत. एकेक करून त्या आपल्या मरणानं मेल्या. नव्या आणल्या नाहीत. मी ओट्यावर गेलो तर चाचा सरकून जागा करून देत, चहा सांगत. बोलत पाऊसपाण्याचं. मला काही विचारायचं मात्र त्यांनी सोडून दिलं.

मला त्यांची माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू, असं करत वर्षं गेली.

मग ते वाईट दिवस आले. रझाकारांच्या बातम्या येत होत्या, आणि आमच्या भागातली माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जात होती. बायकोच्या भावानं वाशीमला बोलावलं. आम्ही गाडी ठरवली. निघायच्या दिवशी सकाळी चाचा आपली पेटी घेऊन आले. थेट बैलांपाशी बसले आणि एकेक पाय उचलून पाहिला. एका बैलाची पत्री ढिली होती. ती काढून त्यांनी नवी ठोकली. "वाट खडकाळ आहे," म्हणाले. "पैनगंगेच्या पल्याड कुनी नालबंद भेटला तर ठीक, न्हाई तर हे पुरतील."

मी म्हणालो, "चाचा..."

"बराबर जा, मास्तर," ते म्हणाले आणि हात झटकून उठले. बायको गाडीत रडत होती. मी तेव्हाही बोललो नाही. गाडीवान घाई करत होता.

हिंदुस्थानचं लष्कर आलं, राज्य बदललं. आम्ही काही आठवड्यांनी परत आलो. मधल्या दिवसांत आमच्या भागातल्या मुसलमान घरांचं काय काय झालं, ते सांगायला आणि ऐकायला दोन्ही जड आहे. चाचांच्या दाराला कडी घातलेली होती, कुलूप नव्हतं. आत काही नव्हतं. कुणी म्हणे परभणीला गेले, कुणी म्हणे हैदराबादला. त्यांना कुणी हात लावला नाही, असं गावातला प्रत्येक जण मला आवर्जून सांगत होता. जाऊ नका, थांबा, असं त्यांना कुणी म्हटलं का, ते मी कुणाला विचारलं नाही. मी स्वतः इथं असतो तर म्हटलं असतं का, याची मला खात्री नव्हती.

शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात लांबच्या गावचा एक शेतकरी बैल घेऊन लिंबाखाली येऊन उभा राहिला. बैल पुढच्या पायानं लंगडत होता. बराच वेळ वाट बघून तो शाळेच्या दाराशी आला.

"नालबंद न्हाईत का घरी?"

"नाहीत."

"कवा येतील?"

त्याला खरं सांगायला हवं होतं. कुरुंद्याला दुसरा कुणी मिळतो का बघ, असं तरी सांगायला हवं होतं.

"येतील," मी म्हणालो. "पुढच्या बाजारापर्यंत येतील."

"मग तवाच आणतो," तो म्हणाला आणि त्यानं बैल वळवला. वाट सगळी दगडांची. बैल दुखरा पाय टेकायच्या आधी दर वेळी थांबत होता, आणि तो माणूस त्याच्यासाठी थांबत होता. मी दारात उभा राहून ते दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिलो.